जुनी डिझेल बोलेरो: घरच्या पान्यांनी काय होतं, आणि पार्ट कुठून घ्यावा

माझी बोलेरो कॅम्पर २००७ ची, पिवळ्या पाटीची. उरुळी कांचनला आमची नर्सरी आहे. रोपं, कुंड्या, कोकोपीटच्या गोण्या, लग्नसराईत पाहुणे, सगळं तिच्यावरच. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) जवळ आलं की कुणीतरी सल्ला देतंच, "ताई, विका आता." विकून जे येईल त्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंटसुद्धा बसत नाही, आणि ही रोज चालते. मग तिलाच कमी पैशांत चालवायची, हाच हिशोब उरतो.

हे लिहिते आहे ते जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांसाठी: बोलेरो डीआय, कमांडर, मेजर, जुन्या सुमो. तुमची गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) असेल तर बॅटरी, कूलंट, बेअरिंग वगैरे भाग वाचा, पण डिझेलच्या पाइपांना हात लावू नका. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. तिथला नट सैल केला तर धार चामडी फोडून आत जाते आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

जुन्या डिझेलवर पैसे जातात ते पार्टवर कमी आणि चुकीच्या निदानावर जास्त. गाडी सकाळी धरत नाही म्हणून पंप उतरवला, पंपवाल्याने किट टाकलं, बिल झालं आणि दोष निघाला टाकीजवळच्या चिरलेल्या नळीत, ही गोष्ट आमच्या रस्त्यावर प्रत्येक जीपवाल्याकडे आहे. म्हणून आधी दोष सापडवायचा आणि मगच दुकानात जायचं.

हे इंजिन मुळात कुणाचं

डीआय बोलेरोचं इंजिन २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात इंचात आहेत: साडेतीन इंच बाय चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनांचं हे घराणं. महिंद्रने १९६३ साली त्याच कंपनीबरोबर इथे ट्रॅक्टर काढायला घेतले आणि पुढे ती इंजिनं जीपच्या बॉनेटखाली आली. टायमिंगला बेल्ट नाही, गियर आहेत. वॉल्व पुशरॉडने उघडतात. म्हणजे बेल्ट तुटून वॉल्व वाकण्याची भीती नाही आणि टॅपेट (वॉल्वचा गॅप) घरी लावता येतात.

याचा खिशाशी संबंध असा की डिझेल फिल्टरचे एलिमेंट, तांब्याचे वायसर, बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट), डिझेलची रबरी नळी, इंजिन ऑइल हे सगळं मी ट्रॅक्टरच्या दुकानातून आणते. माल तोच, डबा वेगळा, आणि दुकानदार शेतकऱ्याला ज्या भावाने देतो त्या भावाने देतो. जुना नग हातात घेऊन जायचं आणि काउंटरवर शेजारी ठेवून जुळवायचं. पिस्टन, लायनर, रिंगा मात्र असं "घराणं एक आहे" म्हणून उचलू नका. तिथे इंजिन नंबरावरूनच माल घ्यायचा.

हत्यारं

रिंग आणि फिक्स पान्यांचा ८ ते २२ चा सेट, एक चांगली पकड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर, जॅक, आणि जॅकच्या जोडीला सागवानी किंवा बाभळीचे जाड ओंडके. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, मग नट एकच का असेना. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चांगले जुने पाने मिळतात, नव्या चायना मालापेक्षा कितीतरी बरे. पान्याचं तोंड पसरलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

सकाळी धरून बंद पडते: एअर

रात्री उभी केलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला (स्टार्टरला) धरते, अर्धा मिनिट चालते, घुटमळते आणि बंद. मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. बहुतेक वेळा सिस्टिममध्ये एअर शिरलेली असते. गंमत अशी की डिझेल कुठेच गळत नाही, म्हणून मिस्त्रीसुद्धा फसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणीची आहे, आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

चीर शोधायला गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी वीतभर आणा. टाकीकडून येणारी रबरी नळी जिथे फीड पंपाला लागते तिथे हा तुकडा मध्ये जोडा, दोन्ही टोकांना क्लिप घट्ट. इंजिन सुरू करा आणि टॉर्च मारून नळीकडे बघत बसा. डिझेल काचेसारखं सलग दिसलं तर टाकीकडची बाजू चोख आहे. सुया टोचल्यासारखे बारीक बुडबुडे पळताना दिसले तर हवा मागे कुठेतरी शिरते आहे: टाकीवरचा जॉइंट, चासीला घासलेली नळी, नाहीतर सैल क्लिप. मागची एकेक नळी हाताने दाबत, वाकवत जा. चिरेवर बोट पडलं की बुडबुडे कमीजास्त होतात. सापडलं की पारदर्शक तुकडा काढून टाका. तो कायमचा ठेवायचा नाही, डिझेलमध्ये प्लॅस्टिक महिन्या-दोन महिन्यांत कडक होतं आणि क्लिपखाली स्वतःच हवा घ्यायला लागतं.

माझ्याकडे ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात, त्यामुळे कामगार पहिल्यांदा तीच आणून देतात. ड्रिपची नळी डिझेलला लावू नका. ती काळी आणि मजबूत दिसते, पण क्लिपखाली दबत नाही, म्हणजे सील होत नाही, आणि इंजिनच्या उष्णतेने वाकडी होते. डिझेलला दोऱ्याचं अस्तर असलेली, ऑइल-डिझेल चालणारी रबरी नळीच हवी. ती मीटरवर मिळते. कंपनीच्या कापून ठेवलेल्या तुकड्यापेक्षा मीटरची नळी स्वस्त पडते आणि एका मीटरमध्ये सगळ्या जागा होतात. क्लिपा मात्र आमच्याच धंद्यातल्या चालतात. पाण्याच्या मोटारीला लावतात त्या स्टीलच्या स्क्रूच्या क्लिपा मोटार रिवाइंडिंगच्या किंवा पाइपाच्या दुकानात मूठभर मिळतात.

बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वायसर एकदा दाबले की कडक होतात आणि पुन्हा लावले तर झिरपतात. नवे नसतील तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करा आणि पाण्यात टाका. तांबं त्याने मऊ पडतं. पॉलिश पेपरने काजळी पुसा आणि लावा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या बुडाखाली बसणारा वायसर मात्र नवाच टाका, तिथे आगीचा दाब असतो.

आता एअर काढायची. प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप, काही गाड्यांत पंपाच्या अंगाला असतो, काहींत फिल्टरच्या डोक्यावर. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग फुरफुर, मग सलग डिझेल. सलग आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळलात तर तेवढ्यात हवा परत जाते. मग पंपावरचा एअर स्क्रू, तसाच. तरीही धरली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या दोन पाइपांचे नट सतराच्या पान्याने अर्धा आटा सैल करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, नटाखालून डिझेल उसळलं की आवळा. तोंड आणि हात लांब ठेवा. नोझलची धार बोटावर घेऊन बघणारे लोक मी पाहिलेत. ते शौर्य कामाचं नाही.

फिल्टरबद्दल एक गोष्ट. माझ्या गाडीला दोन भांडी आहेत, पहिल्यात कपड्याचा एलिमेंट, दुसऱ्यात कागदाचा. बदलताना कागदाच्या भांड्यात वरून कॅनमधलं डिझेल ओतू नका. गाळलेल्या बाजूला न गाळलेलं डिझेल गेलं की सरळ पंपात कचरा. थोडं जास्त प्रायमर मारा, हात दुखले तर दुखू द्या. पावसाळ्यात फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसतं.

धूर आणि नोझल

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, मग फिल्टर ते इंजिन रबरी होज, टर्बो असेल तर टर्बोच्या पुढचा होजसुद्धा. त्याला खालून चीर पडते, वरून दिसत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनाला थोडा चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

एक सिलिंडर मिस मारतोय असं वाटलं तर आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून लगेच आवळा. तीन सिलिंडरना आवाज पडेल, इंजिन थरथरेल. ज्या सिलिंडरला काहीच फरक पडत नाही तो आधीच झोपलेला आहे. तेवढं एकच नोझल काढून डिझेल पंपाच्या दुकानात न्या. तिथे दाब आणि फवारा तपासतात. चारही नोझल बदलायची गरज नसते, पण दुकानदार "सेट बदला" म्हणणारच. नोझलवर मी कंजुषी करत नाही. पूर्वी मायको नावाने यायचा तो माल २००८ पासून बॉश नावाने येतो. त्या डब्याच्या नकला बाजारात खूप आहेत, म्हणून तो ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच.

आणि पंप? घरी उघडायचा नाही. बाहेरून गळत असेल, तर कुठून गळतोय एवढं पुसून, चुना लावून बघा आणि सांगा. पंपवाल्याला "पंप खराब आहे" म्हणू नका, "शाफ्टच्या सीलमधून गळतोय" म्हणा. बिलात फरक पडतो.

गाडी तापते

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. ठिबकच्या तोंडाला पांढरी साय येते, तीच रेडिएटरच्या नळ्यांत येते. त्यामुळे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड किंवा घरच्या आरओचं चांगलं पाणी, आणि त्यात कूलंट, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. घट्ट कूलंट घेऊन घरी मिसळलं तर तयार कूलंटपेक्षा स्वस्त पडतं.

तापण्याचं पहिलं कारण बाहेर असतं. आमच्याकडे कोकोपीटचा भुसा, उसाच्या रस्त्याला पाचटाची धूळ, ही सगळी रेडिएटरच्या जाळीत पुढून अडकते. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने, आतून बाहेर. पुढून प्रेशरने मारलं तर कचरा आणखी आत बसतो आणि जाळीच्या पाकळ्या मुडपतात.

दुसरं, झाकण. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, दाब धरणारा वॉल्व आहे. दाब धरला की पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं. रबर चेपलं, स्प्रिंग मेली, की गाडी उगाच उकळते. झाकणावर छापलेला दाबाचा आकडा बघून तोच आकडा घ्या. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, आणि सगळ्यात उशिरा बदलला जाणाराही हाच.

तिसरं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व. इथे माझं आणि अर्ध्या गॅरेजांचं पटत नाही. गाडी तापली की पहिला सल्ला, "वॉल काढून टाका, पाणी मोकळं फिरू द्या." काढला की तापमानाचा काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पण आता इंजिन कायम थंड राहतं. थंड डिझेल इंजिन डिझेल जास्त खातं, धूर जास्त काढतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं, ते वेगळंच. थर्मोस्टॅट तपासायला पातेलं पुरतं. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, समजा ८२. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये टांगा, बुडाला टेकू देऊ नका, कारण बुड पाण्यापेक्षा तापलेलं असतं. थर्मामीटर बाजूला धरा, साधा जॅम बनवायचाही चालेल. ८२ च्या आसपास थाळी बसल्या जागेवरून सरकायला लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली पाहिजे. गॅस बंद केल्यावर पुन्हा पूर्ण मिटली पाहिजे. अर्धवट मिटला तरी तो गेलेला. पातेलं नंतर स्वयंपाकात परत न्यायचं नाही, हे सांगायला नको.

रेडिएटर गळत असेल तर हळद, सिमेंट, लिकेजची पावडर यांपैकी काही टाकू नका. भोक बुजतं तसे बारीक मार्गही बुजतात. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर डाग लावून घ्या. अजून ते काम करणारे आहेत आणि नव्या रेडिएटरच्या मानाने ते फार स्वस्त पडतं.

सेल्फ संथ फिरतो

बॅटरी घ्यायला पळण्याआधी मल्टीमीटर काढा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीचा संशय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय.

आता अर्थिंग. मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या वजा टोकाच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या अंगाच्या स्वच्छ लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वीज अर्थच्या वायरीतच मरते आहे. जुन्या जीपमध्ये बॅटरी ते चासी आणि चासी ते इंजिन ह्या पट्ट्या गंजून हिरव्या होतात. कंपनीची पट्टी मागवायची गरज नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगची जाड तांब्याची केबल हातभर घ्या, ३५ स्क्वेअरची, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून घ्या. बसवायच्या जागी रंग खरवडून चमकतं लोखंड काढा आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासा. ही पट्टी गाडी भंगारात गेल्यावरही काढून घेण्याजोगी राहते.

तरीही संथ, तर सेल्फचे कार्बन आणि बुश. सेल्फ काढताना बॅटरीची वजा वायर आधी काढायची, नाहीतर पाना लागून ठिणगी उडते. कार्बन आणि बुशचं काम ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करतो. अख्खा नवा सेल्फ घेण्याची वेळ क्वचित येते.

बेअरिंग, सील, बेल्ट: नंबर वाचा

अल्टरनेटर कुरकुरतो म्हणजे बेअरिंग. बेअरिंगला गाडीचं नाव नसतं, नंबर असतो. अंगावर कोरलेलं असतं, जसं ६२०३, म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. हाच नंबर पाण्याच्या मोटारीत असतो, पिठाच्या गिरणीत असतो. बेअरिंगच्या दुकानात जाऊन नंबर सांगा, चांगल्या कंपनीचं मागा. नंबरापुढची अक्षरंही जुळवा, ती झाकण पत्र्याचं की रबरी, ते सांगतात. पार्टच्या दुकानात "बोलेरोचं अल्टरनेटर बेअरिंग" मागितलं की किंमत बोलेरोची लागते.

ऑइल सीलचंही तेच. त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. बसवताना जुन्या सीलचीच चकती वर ठेवून सगळीकडे सारखं ठोका आणि आतल्या ओठाला ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्याच फेरीत फाटतो.

फॅन बेल्टवर साइज छापलेला असतो. जुन्याचे आकडे पुसण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मोटारीच्या १३ मिलिमीटर रुंदीच्या बेल्टवर अडीनडीला घरी पोहोचता येतं, पण कायम गाडीचाच लावा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटभर रुंदीइतका दबला पाहिजे. जास्त आवळला की वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

टॅपेट: बेरीज पाच

हे काम मला सगळ्यात आवडतं. गॅप किती ठेवायचा आणि इंजिन गरम की थंड, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. पुढून मोजायचं. ज्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व एकाच वेळी हलताहेत, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, त्याच्या जोडीदाराचे टॅपेट लावायचे. जोडीदार कोण, तर दोघांची बेरीज पाच: चार हलतोय तर एक लावा, दोन हलतोय तर तीन, आणि उलट.

इंजिन फिरवायला सपाट जागेवर गाडी टॉप गियरमध्ये टाका आणि मागून हळूहळू ढकलायला सांगा. किल्ली काढलेली हवी. फीलरची पट्टी लोण्यातून ओढल्यासारखी सरकली तर ढिलं, अजिबात सरकली नाही तर घट्ट, थोडी धरून सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू बरोबर फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. कव्हर लावताना गॅस्केट चांगलं असेल तर तेच लावा, ते सिलिकॉनच्या थराने माखू नका. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून ऑइलच्या जाळीत जातं.

कुठे पैसे वाचवायचे नाहीत

ब्रेक. व्हील सिलिंडरची किट, मास्टर सिलिंडरची किट, होज, सगळं बिलाने, चांगल्या कंपनीचं. ड्रमच्या शूला नवे लायनर रिव्हेट करून घेणं मात्र ठीक आहे, ते जुनं आणि चोख काम आहे, करणारा चांगला हवा. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४, जे झाकणावर लिहिलंय तेच. त्यात इंजिन ऑइलचा थेंब गेला तरी सगळी रबरं फुगतात.

स्टिअरिंगचे टायर रॉड एंड, बॉल जॉइंट, क्लच प्लेट हे भंगारातून घेऊ नका. भंगारातून घ्यावं ते दरवाजे, काचा, बंपर, सीट, चालू बघून घेतलेला अल्टरनेटर. नाना पेठेत एकाच पार्टच्या तीन किमती सांगतात: गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, तोच पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला, आणि लोकल. मी जवळजवळ नेहमी मधला घेते. "कोणती कंपनी बनवते?" एवढाच प्रश्न विचारा. त्याला सरळ उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान.

ऑइल फिल्टर लोकल घेऊ नका. ऑइल ट्रॅक्टरच्या दुकानातलं १५डब्ल्यू-४० चालतं, फक्त डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवा. बदललेलं जुनं ऑइल कमान पाट्यांना फासायची पद्धत आहे. पाट्यांचं लोखंड खूश होतं, पण शॅकलचे रबर बुश फुगून फुटतात, म्हणून फासायचंच तर बुशपासून लांब. आणि ते ऑइल बांधावर ओतू नका. जुनं ऑइल घेणारे भंगारवाले येतात, कॅनमध्ये साठवून त्यांना द्या.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळून काटकसर करणाऱ्यांना इतकंच: पंपाच्या आत डिझेलमध्येच चालणाऱ्या भागांना वंगण डिझेलच देतं, रॉकेल ते काम करत नाही.

पासिंगआधी

प्रदूषणाच्या बीएस-४ नियमाच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या काळेपणाचं माप) आहे. तपासताना उभ्या गाडीवर अॅक्सिलरेटर एकदम दाबून धूर मोजतात. त्यामुळे आधी ऑइल आणि एअर फिल्टर बदला, टॅपेट लावा, गळकं नोझल असेल तर करून घ्या. केंद्रावर थंड गाडी नेऊन रांगेत उभी करू नका. हडपसरपर्यंत किंवा तेवढ्याच अंतराची एक फेरी जरा चढ्या वेगाने मारा, सायलेन्सरमधली साचलेली काजळी बाहेर पडू द्या, आणि तापमानाचा काटा मध्यावर असतानाच धूर मोजून घ्या. पंपाचा डिझेल स्क्रू कमी करून पास करून देतो म्हणणारे भेटतात. तसं केलं तर धूर कमी होतो आणि भरलेली गाडी दिवे घाटात दुसऱ्या गियरवर येते. मग कागद मिळाल्यावर तो स्क्रू परत वाढवायचा, म्हणजे दोनदा पैसे. त्यापेक्षा नोझल करा.

सीटखाली मी एवढं ठेवते: सतराचा आणि एअर स्क्रूचा पाना, मीटरभर डिझेलची नळी, चार क्लिपा, मूठभर तांब्याचे वायसर, एक फॅन बेल्ट, पाच लिटर मिसळलेलं कूलंट, फ्यूज, टॉर्च आणि दोन ओंडके.